व्हर्नन लस्कची हत्यारे आणि एक खोटे गेज

मी, व्हर्नन अमोस लस्क, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा घरच्या शेडमध्ये रायफलींना बॅरल बसवणे, राहणार बटरनट क्रीक, वेस्ट व्हर्जिनिया, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवतो. यकृत कामातून गेले आहे, डोके शाबूत आहे. यापूर्वीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. घर आणि मागची सहा एकर रानजमीन माझी मुलगी आयडेला हिला. ट्रकही तिलाच. ब्रेक तपासल्याशिवाय उतारावर नेऊ नये.

२. भाऊ ऑर्व्हिल यास काही नाही. बापाच्या मयतीत त्याने माझे दोन दात पाडले. मी त्याचा एकच पाडू शकलो.

३. हत्यारांविषयी. खाण सोडली तेव्हा माझ्याकडे एक मोडका लेथ होता, बाकी सारे कमावले. घरी हे काम करणाऱ्याने लेथ जुना घेतला तरी चालेल, मात्र त्याच्या पोटातून बॅरल आरपार गेले पाहिजे. बॅरल पकडणारा व्हाइस जड असावा. काडतुसाचे घर कोरणारा रीमर नवाच घ्यावा. आणि काडतुसाचे घर प्रमाणाबाहेर खोल गेले नाही ना, हे सांगणारे पोलादी गेज जुन्या बाजारातून कधीही घेऊ नये. मी घेतले. चार डॉलरला.

४. नोव्हेंबर १९८७, हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. एमेट पेट्रीच्या रायफलला बॅरल मी बसवले होते. मी पलीकडच्या डोंगरावर होतो. गोळी सुटल्याचा आणि रायफल फुटल्याचा आवाज मला वेगवेगळा कळतो. पोचलो तेव्हा रायफलचा मागचा बोल्ट एमेटच्या डोळ्यातून आत गेलेला होता.

काडतुसे क्लोव्हिस हेगरने घरी भरली होती. दुपारी हरणांची नोंद होते त्या दुकानापुढे एमेटच्या भावांनी त्याला गाठले. थोरला रॉइस पुढे होता.

"किती दारू कोंबलीस रे?"

"नेहमीचीच. दोनदा तोलतो मी. व्हर्न, तू सांग ना यांना."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "मी काय तिथं होतो का बाबा?"

त्यांनी कुऱ्हाडीच्या दांड्यांनी त्याचा गुडघा फोडला, मग जबडा. तो पडल्यावरही थांबले नाहीत. बर्फावर दात पडले होते. मी टोपी नीट केली आणि घरी आलो. नवे गेज मागवले, जुन्याशेजारी ठेवले. जुने केसभर लांब निघाले. म्हणजे काडतुसाचे घर रायफल फुटण्याइतके खोल असताना ते मला 'ठीक आहे' सांगत होते. क्लोव्हिसची दारू बरोबर होती. तो ओहायोला गेला, टायरच्या दुकानात लागला. मी गप्प राहिलो.

५. सबब शेड, लेथ आणि सर्व हत्यारे क्लोव्हिस हेगर यास. त्याचा गुडघा वाकत नाही, आयडेलाने उंच स्टूल करून द्यावे. खोटे गेज रॉइस पेट्री यास. कलम चार त्याच दुकानापुढे मोठ्याने वाचावे, मी जिवंत असलो तरी.

६. हे कलम पोस्टातल्या लर्लीनबाईंनी माझ्या सांगण्यावरून लिहिले. साक्षीसाठी मी रॉइसलाच बोलावले. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही. मी वाचायला लावला. तो एकेका ओळीवर बोट ठेवून वाचतो.

"चोवीस वर्षं माझ्या टेबलावर जेवलास तू," तो म्हणाला.

"जेवलो."

"आणि मी त्या पोराला मारत होतो तेव्हा तू बघत होतास."

"ऐकत होतो. मी मान वळवली होती."

"लिहितोस कुठल्या हातानं?"

मी दाखवला. त्याने तो टेबलाच्या कडेवर ठेवला आणि मोडला. लर्लीनबाई ओरडल्या. तो म्हणाला, "बसा बाई. म्हाताऱ्या, आता दुसऱ्या हातानं सही कर. मग मी करतो. त्याला आणायला ओहायोला गाडी घेऊन मीच जाईन."

मजकूर आधीच पुरा झालेला असल्याने यात दडपण नाही. मनगटाबद्दल कोणी फिर्याद करू नये. सही डाव्या हाताची आहे, ती माझीच समजावी.

व्हर्नन अमोस लस्क

साक्षीदार:
१. रॉइस पेट्री
२. लर्लीन मॅब्री

बटरनट क्रीक, १४ ऑक्टोबर २०११