डावऱ्या हाताची गाठ

४ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. खोकला गेला म्हणतोस, पण त्याच पत्रात पुन्हा काढ्याची चौकशी करतोस, म्हणजे गेलेला नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत सगळे कारागीर दाटीवाटीने झोपता आणि खिडकी उघडायचा सगळ्यांनाच आळस, दुसरं काय होणार! लोकरीचे तंतू घशात जाऊन आपल्या बाबांचं काय झालं ते विसरू नकोस.

इथे एक नवंच प्रकरण उभं राहिलंय. गल्लीच्या टोकाचं लोकरीचं जुनं गोदाम आठवतं ना? तिथे वर्ग सुरू झालाय. गालिच्याच्या मागावर बसणाऱ्या पोरांना शिकवून तयार करायचं आणि मग शाळेत घालायचं, असं म्हणे. संध्याकाळी त्यांच्या आयांनाही बोलावतात. सगळं फुकट. पाटी फुकट, खडू फुकट, वर कपभर दूध. शिकवणाऱ्या बाई ऊन नसलं तरी काखेत छत्री घेऊन फिरतात, म्हणून मी त्यांना छत्रीवाली म्हणते. आता तूच सांग, परक्यांच्या पोरांसाठी एवढी पायपीट कोणी उगाच करतं का? कुठेतरी पाणी मुरतंय. कुठल्यातरी बड्या कारखानदाराने पाठवलेली असणार, आमच्या गल्लीतली तयार बोटं फूस लावून न्यायला. मी आपली डोळ्यांत तेल घालून आहे.

ठकी मजेत. शाळेत जाते.

माया पातळ करू नकोस.
तुझी ताई

१५ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काढा घेतो आहे, खिडकीही उघडली आहे. आता भांडू नकोस.

ताई, तुझ्या पत्रात छत्रीला अख्खा परिच्छेद आणि माझ्या लेकीला अर्धी ओळ. ठकी मजेत, शाळेत जाते. एवढंच? शेजारच्या मांजरीबद्दलही तू याहून जास्त लिहितेस. कुठल्या वर्गात बसवली, मास्तर की बाई, मैत्रीण कोण, डावऱ्या हाताने लिहिते म्हणून कोणी रागावतं का, काही म्हणता काही नाही. तिची आई गेल्यावर मी तिला तुझ्या ओटीत घातली, कारण या खोलीत मुलीला ठेवायला जागा नाही. तेव्हा मी तुझ्याकडे एकच मागितलं होतं. तिला मागावर बसवू नकोस, शाळेत घाल. आपलं बालपण मागापुढच्या फळीवर गेलं, तेवढं पुरे झालं.

तिच्या हातच्या दोन ओळी पाठव. वाकड्या असल्या तरी चालतील.

आणि तुझं अक्षर एवढं मोठं कशाने झालं? पूर्वी पोस्टकार्डावर रामायण लिहायचीस, आता एका पानावर चार वाक्यं मावत नाहीत. काय लपवते आहेस?

रागावलीस तरी पत्र टाकायला चुकू नकोस.
तुझा धाकटा

२ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मी काय लपवणार रे? लहानपणी तुझे चोरलेले पेरू लपवले, तेवढंच काय ते. अक्षर मोठं आहे कारण कागद चांगला मिळालाय. ठकीला पत्र लिहायचा कंटाळा, ती तुझ्यावरच गेली आहे.

माझ्या मागे लागण्यापेक्षा इथलं ऐक. छत्रीवालीचं पितळ उघडं पाडायचं म्हणून मी परवा संध्याकाळी स्वतः गोदामात जाऊन मागे बसले. गल्लीतल्या सगळ्या विणकरणी होत्या. मला वाटलं होतं, आता ही आम्हाला पोरांवरून चार शब्द सुनावणार, किंवा कुठेतरी अंगठे घेणार. तसलं काहीच नाही. तिने प्रत्येकीच्या हातात एक सुई आणि दोरा दिला आणि ओवायला सांगितलं. आम्ही हसलो. ज्यांनी जन्मभर गाठी मारल्या त्यांना सुई ओवायला सांगते ही! मग हळूहळू हसू थांबलं. ज्या बायका पाचव्या-सहाव्या वर्षी मागावर बसल्या होत्या, त्यांच्यातली एकही ओवू शकली नाही. कोणी हात लांब धरला, कोणी दोरा थुंकीने टोकदार केला, कोणी दिव्याला नावं ठेवली. मीही दिव्यालाच नावं ठेवली. उशिरा लग्न होऊन आलेली, मागावर नवीन बसलेली जी सून आहे, तिने मात्र झटक्यात ओवली. छत्रीवाली एक शब्द बोलली नाही. सुया गोळा करून निघून गेली.

मला हे लक्षण काही ठीक दिसत नाही. माणूस बोललं तर त्याला उत्तर देता येतं. ही बोलतच नाही. शिवाय जाताना माझ्याकडे वळून बघत होती. का म्हणून?

तब्येतीला जप, बहिणीवर उगाच संशय घेऊ नकोस.
तुझी ताई

२० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल तुमच्या गल्लीतल्या ठेकेदाराचा माल दुकानात आला. कोपरे नीट करायला एक गालिचा माझ्याकडे दिला. किनारीवर आईची वेल, पान खाली वळलेलं. तशी वेल आपल्या घराशिवाय कोणी विणत नाही, तेव्हा कुणाच्या मागाचा ते विचारायची गरजच पडली नाही. मला इतका आनंद झाला की शेजारच्या कारागिराला हाका मारून दाखवला.

मग सवयीने उलटला. ताई, तुला माहीत आहे आपण काय बघतो ते. पुढून नक्षी दिसते, पाठीमागून विणणारा हात दिसतो. किनार तुझ्या हातची, फुलांमागची जमीनही तुझ्या हातची. पण मधल्या निळ्या-काळ्या फुलांच्या गाठी दुसऱ्या अंगाला झुकलेल्या आहेत. अशी गाठ डावराच मारतो. आपल्या घरात डावरं कोण आहे, ते तुला सांगायला हवं का? गाठी इतक्या बारीक आहेत की मोठ्या माणसाचं बोट दोन धाग्यांत शिरायचं नाही.

मी गालिचा गुंडाळून ठेवला आणि काल जेवलो नाही.

शाळेत जाते म्हणालीस. दुसरं कोणी असतं तर मी गल्लीतल्या प्रत्येकाला विचारून खात्री केली असती, पण तुझ्या बाबतीत संशय मनाला शिवलासुद्धा नाही. आता वाटतं, आणखी काय काय खोटं होतं? मार्चमध्ये तिला ताप आला म्हणालीस, तो तरी ताप होता का? आणि छत्रीवालीला एवढी घाबरतेस ती पोरं पळवेल म्हणून, की तुझ्या मागामागे कोण बसलंय ते तिला दिसेल म्हणून?

रजा मागितली आहे. मिळाली की येऊन तिला घेऊन जाणार. कुठे ठेवायची ते माझं मी बघेन.

आज लोभ वगैरे लिहायला हात वळत नाही.
धाकटा

५ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. नको असले तरी घे.

हो. गाठी ठकीच्याच आहेत. ताप खरा होता, आईची शपथ.

शाळेत मी तिला नेली होती रे. ते म्हणाले, अंगाने मोठी, अक्षरओळख नाही, लहानांत बसवता येत नाही आणि मोठ्यांत टिकणार नाही. परत पाठवलं. तुला कळवायला जीभ रेटेना. म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. तेवढ्यात माझे डोळे गेले. गेले म्हणजे आंधळी नाही झाले, पण गर्द निळा आणि काळा आता मला सारखाच दिसतो. अक्षर का मोठं ते आता समजलं ना? ठेकेदाराला कळलं असतं तर त्याने आपला माग उचलून नेला असता. म्हणून म्हटलं, ठकी, तेवढी फुलं भर. आधी फुलं, मग पानं, मग सगळा दिवस. कधी एवढं झालं ते माझं मलाच कळलं नाही, असं लिहिणार होते. पण कळत होतं.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी छत्रीवाली घरी टपकली. मी ठकीला मागाच्या पाठीमागे दडवलं. बाईंनी पाणी मागितलं, बसल्या, आणि सगळं मीच विणते का असं विचारलं. मी ठणकावून हो म्हटलं. मग त्यांनी अर्ध्या फुलाकडे बोट करून यातली काळी पाकळी कुठली असं सहज विचारलं. मी अंदाजाने दाखवली. तर मागून ठकीच बोलली, आत्या, ती निळी आहे.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. वाटलं, आता ही मला चौकीवर नेते. बाई म्हणाल्या, हिला उद्यापासून वर्गात पाठवा. मी उसळून म्हटलं, मग निळं कोण भरणार, तुमची छत्री? त्यावर त्या, मला ठाऊक नाही, पण बायकांना विचारू, असं म्हणाल्या. तोंडावर मला ठाऊक नाही म्हणणारी शिकलेली बाई मी पहिल्यांदाच पाहिली. तिथेच माझा संशय जरासा सैल झाला. जरासाच.

दुसऱ्या संध्याकाळी गोदामात सगळ्यांपुढे तेच निघालं. प्रत्येकीच्या मागामागे कोणी ना कोणी लहानगं होतं, आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपलंच गुपित आहे. खूप भांडलो. शेवटी ज्यांचे डोळे गेलेत त्यांचे माग गोदामात आणायचं ठरलं. ज्या सुनेने सुई ओवली ती नक्षी बघून रंग पुकारते, दोन निळे, एक लाल. लोकरीचे गोळे ठरलेल्या खुंट्यांवर असतात, निळा डावीकडे, काळा उजवीकडे. ऐकायचं, ओढायचं, गाठ मारायची. आठवड्याला सगळ्यांचे गालिचे मागून तपासायचे, त्यात पोराची बारीक गाठ निघाली तर त्या बाईने सगळ्यांपुढे सांगायचं. तपासायचं काम मला दिलंय, कारण गल्लीत माझ्याइतकी संशयी कोणी नाही म्हणे! बोटांनी चाचपते मी, मला दिवा लागत नाही.

ठकी वर्गात जाते. परीक्षा झाली की शाळा तिला तिच्या वयाच्या मुलांत घेणार आहे. न्यायला येणार असलास तर ये, माझा हक्क उरलेला नाही. पण आधी ती परीक्षा होऊ दे.

दार उघडं आहे.
ताई

११ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रजा काही मिळाली नाही, ते कळवलंच होतं. मध्यंतरी ठकीच्या हातच्या ओळी आल्या, ती शाळेत बसल्याचंही तू लिहिलंस. खरं सांगू? मी विश्वास ठेवला नाही. म्हटलं, कोणीतरी हात धरून गिरवून घेतलं असेल. दुधाने तोंड भाजलंय माझं.

आज तुझा पुढचा गालिचा आला. मी दुकानाचं दार लावून घेतलं आणि तो पालथा घातला. खालच्या अर्ध्यात डाव्या गाठी आहेत. मग एका ओळीशी त्या थांबल्या. त्या ओळीवर मी कितीतरी वेळ हात ठेवून बसलो होतो. इथून माझी पोर उठली.

त्याच्या वरची फुलं! ताई, इतकी भयंकर फुलं मी जन्मात पाहिली नाहीत. निळ्या फुलाला काळी पाकळी, एक फूल तर अख्खं काळं. मालक संतापले, हा माल की चेष्टा म्हणाले, आणि सगळं उसवून नीट करायला मला दिलं. मी मान खाली घालून होय म्हणालो, कारण मला हसू आवरत नव्हतं आणि रडूही. शेजारचा कारागीर म्हणाला, याला वेड लागलंय.

पण एक विचारायचं राहिलं. वरच्या अगदी शेवटच्या कोपऱ्यात एकच गाठ डावी आहे. ती कुणाची? खरं लिही. या वेळी मी चिडणार नाही, पण खरं लिही.

लोभ होता, आहे.
तुझा धाकटा

२३ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

काळ्या फुलांना हसू नकोस. कोणीतरी खुंटीवरचे गोळे बदलून ठेवले, ती बिचारी सून निळा म्हणून पुकारत होती आणि मी काळा ओढत होते. कोणाचं काम असेल याचा मला संशय आहे, पण आता सांगत नाही.

आता त्या गाठीचं. गालिचा मागावरून उतरवायच्या दिवशी ठकी शाळेतून थेट गोदामात आली आणि एक गाठ मी मारते म्हणाली. मी हात धरला, सगळ्यांपुढे ओरडले, तपासनीस मी आणि माझ्याच घरात चोरी! बायका हसायला लागल्या. तर कार्टी म्हणते कशी, आत्या, एकच मारू दे, बाबा उलटून बघणारच, त्यांना मी भेटल्यासारखं होईल.

बाकीचं सगळं उसव. ती ठेव.

येताना तिच्यासाठी पेन आण, डाव्या हाताने लिहिलं तरी पुसणार नाही असं.

आम्ही दोघी वाट बघतोय.
तुझी ताई