दुसरा मेसेज

प्रिय बारक्या,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नकोस. गुडघे सोडले तर मी धडधाकट आहे. आणि बारक्या म्हटलं म्हणून नाक मुरडू नकोस, तुझं पोट कितीही पुढे आलं तरी माझ्यासाठी तू बारक्याच. परवा बँकेतून तुला जो फोन आला, त्याची भानगड तुला नीट कळायला हवी म्हणून लिहायला बसले. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर आपल्या दोघांचं काय होतं ते तुला ठाऊक आहे.

टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून माझी पेन्शन मी पोस्टाच्या खिडकीवर जाऊन हातात घेत आले. सही केली, नोटा पर्समध्ये टाकल्या, चार ओळखीच्यांशी गप्पा मारल्या की झालं. आता नवा नियम आला, पेन्शन थेट बँकेच्या खात्यातच जमा होणार. मुदतीत खातं जोडलं नाही तर पेन्शन अडकली म्हणून समजा. खालच्या मजल्यावरच्या काकूंची मुदत माझ्या आधी होती, त्यांची तशीच अडकली. चार दिवस लेकीकडे जाऊन येते म्हणाल्या, त्यांच्या दाराला अजून कुलूप आहे. जिना उतरताना ते कुलूप रोज दिसायचं. पेन्शन थांबली तर मला हे घर सोडून तुझ्याकडे यावं लागणार, आणि त्यावरूनच तर आपलं फाटलं होतं.

बाबा गेल्यावर तू मला न्यायला आलास, ते टेम्पो ठरवूनच. मला विचारायचं राहूनच गेलं तुझं! मी नाही म्हटलं, तू आवाज चढवलास, मी त्याहून चढवला. जिन्यात उभा राहून तू म्हणालास, उद्या इथे एकटी मेलीस तर मला कळवणार कोण? मी धाडकन दार लावून घेतलं. त्यानंतर ना तुझा फोन, ना माझा. तू माझाच मुलगा, अडून बसण्यात कमी कसा पडशील!

तर परवा मुदतीचा शेवटचा दिवस. होय, शेवटचाच, आधी का गेले नाही म्हणून डोकं धरू नकोस. काउंटरवरच्या मुलीने सगळं भरून घेतलं आणि म्हणाली, आजी, तुमच्या मोबाइलवर ओटीपी आलाय तो सांगा. मी चष्मा लावून बघत बसले, फोन आपला गप्प. मग तिने संगणकात बघितलं, तर खात्याला नंबर तुझा! बाबा आजारी असताना हे खातं तूच उघडून दिलं होतंस, माझ्याकडे तेव्हा मोबाइल कुठे होता? नंबर बदलून घेता येतो, पण त्याला दोन दिवस लागतात, असं ती म्हणाली. दोन दिवस कुठून आणायचे?

तिने बँकेच्या फोनवरून तुला लावला आणि स्पीकर सुरू केला. तू हॅलो म्हणालास. किती काळाने तुझा आवाज ऐकला रे! तिने माझं नाव सांगून ओटीपी मागितला मात्र, तू असा कडाडलास! मला काय वेडा समजता, आईच्या नावाने फसवता, लाज नाही वाटत, पोलिसात देईन. आणि आपटलास फोन. पोरगी बिचारी रडवेली झाली. मला मात्र अशा वेळीही तुझं कौतुक वाटलं, खोटं कशाला सांगू. तिने पुन्हा कोड पाठवला आणि सांगितलं, आजी, हा शेवटचा, हाही वाया गेला तर खातं आजच्यापुरतं लॉक. मागची रांग कुरकुरायला लागली. तिने पुन्हा तुझा नंबर लावला, तशी मी फोन तिच्या हातातून ओढून घेतला.

तू उचललास. आयुष्यभर परक्यांचे फोन जोडून दिले मी, कोणाचा श्वास अडकलाय तेसुद्धा मला लाइनवर कळायचं. आणि स्वतःच्या मुलाशी बोलायला शब्द सापडेना. शेवटी तोंडातून निघालं ते सवयीचं, एक्स्चेंजमधलं. लाइन जोडली आहे, बोला.

फोन पुन्हा आपटतोस की काय म्हणून मी डोळे मिटून घेतले. मग तू एकेक आकडा सुटा सुटा सांगितलास, आणि सगळा पुन्हा एकदा म्हणून दाखवलास. लहानपणी मी तुला तसंच शिकवलं होतं, चुकीचा नंबर लागू नये म्हणून. खातं जोडलं गेलं. तू आणखी काही बोलशील म्हणून मी थांबले, तूही बहुधा थांबलास. रांगेतलं कोणीतरी खाकरलं आणि मी फोन ठेवला. घरी येऊन खूप रडले.

आता मुद्द्याचं. त्या मुलीने निघताना विचारलं, नंबर बदलायचा अर्ज देऊ का? मी नको म्हटलं. तुझाच राहू दे. दर महिन्याला तुला दोन मेसेज येतील. पहिला पेन्शन जमा झाल्याचा. त्याच्यावर जाऊ नकोस, मी मेले तरी तो काही महिने येत राहील, सरकारला कुठे लगेच कळतंय! दुसरा येईल पैसे काढल्याचा. ते कार्डबिर्ड मी घेतलेलं नाही, त्यामुळे स्वतः बँकेत जाऊन, सही करूनच काढणार. जिन्यातलं तुझं बोलणं मला इतके दिवस शाप वाटत होतं. परवा आकडे सांगताना तुझा आवाज कापला, तेव्हा कळलं की तू खरंच विचारत होतास. तर कळवणार कोण, त्याचं उत्तर हे. दुसरा मेसेज आला की समज, आई आपल्या पायांनी बँकेपर्यंत जाऊन आली. नाही आला, तर ये. आणि आला तरीही ये, टेम्पो न आणता.

तुझीच, अजून लाइनवर असलेली,
आई