अनुभवी ऑइल

३ ऑक्टोबर, सकाळी ६
आजपासून ट्रॅक्टरची निगा शास्त्रशुद्ध पद्धतीने. त्यासाठी शाळेतलं एक कोरं हजेरीबुक काढलं. मुलांच्या नावांच्या जागी पार्टांची नावं. एकतीस वर्षं या गावात हेडमास्तर होतो, शिस्त लावणं मला नवीन नाही. रिटायर होताना हा ट्रॅक्टर घेतला. त्याचं वय बेचाळीस. म्हणजे आमच्या मुलापेक्षा, मुनसाकापेक्षा, थोडा मोठा आणि बराच आज्ञाधारक.

चारही बैल पेम्बा गावी भाच्याच्या गोठ्यात पाठवून दिले. मुनसाकाची आई म्हणाली, अहो मुनसाकाचे बाबा, ट्रॅक्टरला नांगराचा एक तास तरी काढू दे, मग पाठवा. मी म्हणालो, ज्याच्या दारात इंजिन आहे त्याने शेपट्या पिरगाळायच्या नसतात. ती चूल फुंकायला गेली. पटलं असावं.

४ ऑक्टोबर
हांबुलो मेकॅनिक येऊन ट्रॅक्टर बघून गेला. त्याचं कुळ शेळीचं, आमचं हत्तीचं. थट्टेचं नातं. त्याने मला वाटेल ते बोलावं, मी त्याला, आणि कोणी राग धरायचा नाही, ही वाडवडिलांची रीत. त्याने डिपस्टिक ओढून वास घेतला आणि म्हणाला, अरे ढेरपोट्या हत्ती, हे ऑइल आहे की तुझ्या आज्याच्या चिलमीतली घाण? ऑइल बदल, फिल्टर बदल, नाहीतर ऐन नांगरटीत इंजिन जाम होईल. मी पोट धरून हसलो. म्हटलं, शेळीने चिंध्या चघळाव्यात, इंजिनात तोंड घालू नये. तो म्हणाला, हे थट्टेतलं नाही रे, खरं सांगतोय.

थट्टेत तो नेहमी असंच म्हणतो. माणूस मुरलेला आहे.

५ ऑक्टोबर
ऑइलवर विचार केला. काळं पडलं की लोक त्याला नावं ठेवतात. नवं ऑइल कसं असतं? पिवळं, पातळ. ट्रेनिंग कॉलेजातून कालच आलेल्या मास्तरासारखं. त्याला वर्ग कुठे आहे हेही ठाऊक नसतं. आमचं ऑइल सहा वर्षं या इंजिनच्या कानाकोपऱ्यात फिरलेलं. अनुभवी. अशाला वय झालं म्हणून एका कागदावर घरी पाठवायचं? खात्याने माझ्या बाबतीत ते केलं. मी दुसऱ्याच्या बाबतीत करणार नाही.

९ ऑक्टोबर
ट्रॅक्टरला लाल रंग दिला. उरलेल्या रंगात ऑइल फिल्टरही रंगवला. अगदी नवा दिसतो. हांबुलोचं तरी दुसरं काय म्हणणं होतं? फिल्टर नवा हवा. झाला. हजेरीबुकात फिल्टरपुढे टिक केली.

१४ ऑक्टोबर
डिपस्टिकवर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. आधी जरा दचकलो. मग बसून शांतपणे विचार केला. ही खूण कोणी केली? परक्या थंड देशातल्या कारखान्यातल्या कोणीतरी. त्याने आमचा ऑक्टोबर पाहिला आहे का? या उन्हात माणूस अर्धा होतो, ऑइल का नाही होणार? कानस घेऊन योग्य जागी नवी खूण केली. आता ऑइल बरोबर खुणेवर आहे.

शिस्त म्हणजे दुसरं काय, मापं आपल्या हातात असली पाहिजेत.

२० ऑक्टोबर
हांबुलो न बोलावता आला. हवेच्या फिल्टरखाली ऑइलची वाटी असते, धूळ तिच्यात अडकते. ती जागेवर नव्हती. गेल्या वर्षी मी मुनसाकाच्या आईला दिली होती, कोंबड्यांना पाणी प्यायला. कोंबड्या तिच्यावर खूश आहेत. हांबुलो म्हणाला, वा हत्ती, तुझ्या कोंबड्यांना धूळ लागत नाही आणि इंजिन मात्र वाळू खातंय. मी म्हणालो, वर्षभर खाल्ली, आता तिच्यावाचून करमायचं नाही त्याला. तो मुनसाकाच्या आईकडे वळून म्हणाला, वहिनी, याला तुम्ही तरी सांगा. ती म्हणाली, मी सांगायचं सोडून वीस वर्षं झाली.

ही बाई दर वर्षी आकडा वाढवते.

२७ ऑक्टोबर
सगळ्यांची तोंडं बंद व्हावीत म्हणून ऑइल बदललं. खालचा बोल्ट काढून सगळं ऑइल बादलीत घेतलं, कापडातून गाळलं, परत ओतलं. कापडात निघालं ते भयंकर होतं, चिखल आणि मध्ये काहीतरी चमकणारं. इतकी घाण बाहेर पडल्यावर इंजिन हलकं झालं नाही तर नवल. नोंद: ऑइल बदल पूर्ण.

संध्याकाळी कळलं, ते कापड म्हणजे मुनसाकाच्या आईचं चर्चच्या महिला मंडळाचं चितेंगे होतं. ती आता रविवारी कमरेला काय गुंडाळणार हा तिचा प्रश्न. माझ्याशी बोलत नाही. एका अर्थी शांतता आहे.

८ नोव्हेंबर, रविवार
चर्च सुटल्यावर आवारात जाहीर केलं की यंदा सगळ्यात आधी चिपेगोच्या आईचं शेत नांगरून देणार. तिचा नवरा गेला, तिचे बैल काही वर्षांपूर्वी गोचिडांच्या तापाने गेले. तेव्हापासून दर वर्षी आमचेच बैल नेत होती. मी तिला म्हणालो, आई, यंदा बैलांची वाट बघू नका, दोन दिवसांत तुमचं शेत तयार. ती म्हणाली, गुरुजी, पेरा चुकला तर यंदा माझ्याकडे दुसरं काही नाही हो. मी म्हणालो, मी आहे ना.

हांबुलो माझ्यामागेच उभा होता. हळूच म्हणाला, हत्ती, म्हाताऱ्या बाईला शब्द देताना तरी ऑइल घाल. टाळ्या चालू होत्या, मी लक्ष दिलं नाही.

१६ नोव्हेंबर
पाऊस झाला. जमीन मऊ आहे. पहाटे मुनसाकाची आई म्हणाली, आज माणूस पाठवला तर बैल परवा येतील. मी म्हणालो, परवा शेत नांगरून झालेलं असेल. उरलेला मक्याचा आंबट चिब्वांतू प्यायलो, शर्टाच्या बाह्या वर केल्या.

सातला सुरुवात. निळा धूर निघतोय, म्हणजे जोर आहे. ऑइल प्रेशरचा काटा शून्यावर. गेज जुनं, त्याचा काय भरवसा. लाल दिवाही लागला. तो सारखा डोळ्यात जात होता म्हणून बल्ब काढून खिशात ठेवला. नांगराचे नऊ तास काढले, या बांधापासून त्या बांधापर्यंत. नऊ. चिपेगोची आई बांधावर बसून प्रत्येक तास मोजत होती.

हांबुलो सायकल टाकून धावत आला. कुळाचा उद्धार करणाऱ्या शिव्या दिल्या, मीही दिल्या. मग टोपी काढून हात जोडून म्हणाला, तुझ्या पाया पडतो, बंद कर ते. थट्टेत इतका पुढे गेलेला माणूस मी पाहिला नव्हता. मी दहावा तास धरला.

१६ नोव्हेंबर, सकाळी १०.४०
इंजिनने थोडी विश्रांती घेतली आहे. आधी टकटक, मग मोठा आवाज, मग विश्रांती. शेताच्या मधोमध. कडेला जाऊन घेतली असती तर बरं झालं असतं.

१६ नोव्हेंबर, दुपारी ४
विश्रांती चालू. हँडल मारून पाहिलं, इंजिन जागचं हलत नाही. गरम आहे, थंड झालं की सुटेल. हांबुलो सायकल उचलून गेला.

१७ नोव्हेंबर
थंड झालं आहे. सुटलं नाही. चिपेगोच्या आईने विचारलं, गुरुजी, उद्या होईल का? मी म्हणालो, नक्की. ती हो म्हणाली आणि कुदळ घेऊन शेताच्या दुसऱ्या टोकाला गेली. एकटी. मी सीटवर बसून राहिलो. इंजिनाजवळ कोणीतरी असायला हवं.

१८ नोव्हेंबर
बैल आले. मुनसाकाच्या आईने माणूस परवा पहाटेच पाठवला होता, मी बाह्या वर करत होतो तेव्हा. माझी परवानगी न घेता. या घरात शिस्त राहिलेली नाही.

ती स्वतः नांगराच्या मुठीला, चिपेगोची आई पुढे दोरी धरून. दिवसभर चाललं. ट्रॅक्टरपाशी आले की बैल वळसा घालत होते. मुनसाकाची आई म्हणाली, अहो, निदान खाली उतरा, बैल बुजतात. मी उतरलो नाही. माघार मला जमत नाही. शेताच्या मधोमध ट्रॅक्टरएवढं गवत तसंच राहिलं, बाकी सगळं नांगरून झालं. अर्धा पेराही झाला.

दुपारी चिपेगोच्या आईने भाजलेलं कणीस आणून दिलं. गुरुजी, तुम्ही खूप केलंत माझ्यासाठी, म्हणाली. मी कणीस तसंच सीटखाली ठेवून दिलं.

२१ नोव्हेंबर
चारही बैल जुंपून ट्रॅक्टर हांबुलोच्या आंब्याखाली ओढत नेला. मी स्टिअरिंगवर होतो. वाटेत लोकांनी हात केले, मीही केले.

हांबुलोने खालचा बोल्ट काढला. ऑइल आलं नाही. चेंबर उघडून त्याने आतून बोटाने काळं डांबर काढलं. त्यात बेअरिंगचे तुकडे. मग हात स्वच्छ धुतले, आतून स्टूल आणलं, पुसलं आणि म्हणाला, बसा गुरुजी. मी म्हणालो, काय रे शेळीच्या, चिंध्या संपल्या वाटतं? तो म्हणाला, ऊन फार आहे, पाणी आणतो. मी म्हणालो, शेळ्यांना इंजिनातलं काय कळतं? तो म्हणाला, तुमचं बरोबर आहे गुरुजी, मीच नीट समजावून सांगायला हवं होतं.

मी त्याला आणखी दोनदा डिवचून पाहिलं. त्याच्या आईवरूनसुद्धा बोललो. त्याने दोन्ही हातांनी पाण्याचा पेला पुढे केला.

घरी आल्यावर मुनसाकाच्या आईने विचारलं, काय म्हणाला हांबुलो? मी म्हणालो, काय म्हणणार, शिव्या घातल्या, नेहमीसारख्या. ती म्हणाली, मग बरं आहे. आणि मक्याच्या पिठाचा न्शिमा वाढला.