शेवटचा सरळ रस्ता

बुधवार, संध्याकाळ. गडचांदूर

आरमोरीच्या स्थळाला उद्या होकार कळवायचा आहे, आणि मी गेममधल्या इंजिनांत अडकले आहे. दुपारी त्या मुलाशी फोनवर गाड्यांची शर्यत खेळले. मी छोट्या इंजिनाला जोर देणारा टर्बो बसवला होता, त्याने मोठं इंजिन. माझी गाडी हलकी, वळणांवर जवळ आले, हे ठीक. पण शेवटच्या सरळ रस्त्यावर पुढे गेले कशी? माझ्याच गाडीत दोन्ही बसवून पाहिली. सरळ रस्त्यावर मोठं इंजिनच दरवेळी पुढे.

त्याला फोन केला. "मुद्दाम काऊन हारले तुम्ही?"

"तुमाले राग येईन म्हणून."

"हारल्याचा नाई येत मले."

"मंग आता कायचा येऊन राह्यला?"

फोन ठेवला. तो सरळ रस्ता डोक्यातून जात नाही. लग्नानंतरही असाच हरत राहिला तर?

आईला म्हटलं, उद्या कळवू नकोस. आधी त्याने मला एकदा खरोखर हरवायला हवं.