दर शुक्रवारी मरणारी बॅटरी

शुक्रवार, ५ जुलै, सकाळी
रिफअतची गाडी सुरू होत नाही. किल्ली फिरवली की नुसती टिकटिक. तो, माझा मोठा भाऊ, १७ जूनला गेला, आता हिनेही मान टाकली. सव्वीसला त्याचा चाळिसावा दिवस. आईला याच गाडीतून कबरस्तानात न्यायचं मी कबूल केलंय. इन्साफ वहिनी म्हणाली, भाऊजी, त्या दिवशी चालली तर तुमची, नाहीतर बरकातला देऊन टाकते. बरकात म्हणजे कोपऱ्यावरचा गाड्यांचा वायरमन.

शनिवार, ६ जुलै
आमच्या झगाझीग शहरातले सगळे वायरमन अंदाजाने काम करतात. मी एकवीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवतो. आलेखाच्या कागदावर पद्धत लिहिली. एक, गाडी वापरणाऱ्याला विचारणे. दोन, बॅटरी. तीन, टर्मिनल. चार, फ्यूज, एकेक. पाच, पुराव्याशिवाय कोणावर आळ घ्यायचा नाही.
पहिल्या पायरीपुढे लिहिलं: लागू नाही. वापरणारा आता नाही.
बरकातकडून बॅटरी चार्ज करून आणली, टर्मिनल घासली. गाडी सुरू. पद्धत असली की असं होतं.

गुरुवार, ११ जुलै, दुपारी चार
आठवडाभर गाडी उत्तम. आज घर भरलंय. चाळिसाव्यापर्यंत दर गुरुवारी हेच. लोक बिनसाखरेची कॉफी पितात आणि रिफअत किती हसवायचा ते मला सांगतात. मला! म्हणून गाडीत येऊन बसलो. लिहायला शांत जागा. उकाडा भयंकर, पंखा लावलाय. रेडिओवर त्याचंच स्टेशन लागतं. बदललं नाही.

शुक्रवार, १२ जुलै
मेली! चाकाला लाथ मारली. अंगठा सुजला.
डॅशबोर्डखाली डोकावलो तर वायरींना जखमेवरची चिकटपट्टी! बावीस वर्षं सांगत होतो, नीट टेप लाव. म्हणायचा, मास्तर, हिला लागलंय, पट्टीच हवी. आता ओरडायचं कोणावर? सगळ्या पट्ट्या काढून टेप लावली. पट्ट्या डबीत ठेवल्यात. नमुना म्हणून.

गुरुवार, १८ जुलै, दुपारी चार
फ्यूज निर्दोष. बॅटरी पुन्हा भरलेली. निष्कर्ष: गुरुवारी बाहेरची माणसं येतात, शुक्रवारी बॅटरी मरते. बरकात एकही गुरुवार चुकवत नाही, आणि गाडी त्यालाच मिळायची आहे.
आज पहारा. तीन ते सात, गाडीतच. पंखा आणि रेडिओ चालू, म्हणजे झोप लागणार नाही. मघाशी बरकातने काचेवर टकटक केली. मास्तर, आत चला, कॉफी निवतेय. मी रेडिओचा आवाज वाढवला.

शुक्रवार, १९ जुलै
मेली. माझ्या पहाऱ्यात!
दुकानात जाऊन गिऱ्हाइकांदेखत बरकातला चोर म्हटलं. पाचवी पायरी मोडली, पण प्रसंगच तसा होता. त्याने पाना खाली ठेवला. म्हणाला, रिफअतच्या भावाला मी आज उत्तर देणार नाही, बॅटरी आणा, भरून देतो. किती निर्ढावलेला माणूस!

गुरुवार, २५ जुलै, रात्री साडेआठ
बॅटरी काठोकाठ भरलेली. बॉनेटला साखळी, कुलूप. कुलपाची किल्ली माझ्या खिशात. चार ते आठ सीटवरून हललो नाही, पंखा, रेडिओ काहीच बंद केलं नाही. उद्या आई पुढच्या सीटवर बसेल. निश्चिंत आहे.

शुक्रवार, २६ जुलै
टिकटिक.
आई काळे कपडे घालून आत बसलेली. सगळी गल्ली बघत होती. वहिनीने मान फिरवली. बरकात केबल घेऊन आला. आधी वाकून पंख्याचं बटण पाहिलं, मग रेडिओ. विचारलं, मास्तर, गुरुवारी ही गाडी कोण वापरतं?
कोणी नाही, म्हटलं.
आई म्हणाली, हा बसतो ना. दर गुरुवारी, रिफअतच्या जागेवर. मी बाल्कनीतून बघते. म्हटलं, बसू दे.
पंखा दहा अँपिअर, चार तास. बॅटरी चाळीस अँपिअर-तासांची. हे गणित मी नववीला घालतो.
दुसऱ्या बॅटरीवरून केबल लावताच सुरू झाली. बरकात वहिनीला म्हणाला, चालली बघा, गाडी मास्तरांची. किल्ली मी त्याच्याच हातात दिली, चालवली त्यानेच. मी मागे बसलो. कबरस्तानात त्याची माफी मागायची होती. केबल चांगली आहे, एवढंच म्हणालो.
घरी येऊन कागद काढला. पहिल्या पायरीपुढचं 'लागू नाही' खोडलं.
वापरणारा: मी.
बिघाड केव्हापासून: १७ जून.