वासरू वेगळं बांधलं

वसुबारस, संध्याकाळ

लम्पीची लस टोचायला आज शहाडच्या गोठ्यात गेलेलो. यमुनाकाकूंच्या गाईच्या अंगावर गाठी दिसल्या. सरकारी आदेशच आहे, म्हणून वासरू लगेच वेगळं बांधायला लावलं. काकू पूजेचं ताट घेऊन उभ्या. म्हणाल्या, "डॉक्टर, आजच्या दिवशी तरी राहू दे की. उद्या बांधते." मी नाही म्हटलं. बरोबरच केलं ना? वासराला लागण झाली असती तर? पण गाय हंबरत होती. मी बाईक चालू केली तरी हंबरतच होती.

घरी पाटावर मातीची गाय आणि तिला बिलगलेलं वासरू मांडलेलं. नमस्कार करून उठलो, तर बायको म्हणाली, "अरे, वासरू लांब का सरकवलंस?"

मी कधी सरकवलं?