नाचशाळेखालचा खांब

१२ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

ऑफिसातल्या साहेबांनी तुझ्या नाचशाळेच्या मजल्याच्या मजबुतीची तपासणी मला एकटीला दिली! जुन्या नकाशांवरून संगणकात सगळ्या सांगाड्याचं मॉडेल उभं केलं. खांब म्हणजे उभ्या रेघा, तुळया आडव्या, त्यांवर फरशी, भिंती आणि माणसांचं वजन. वर तुझ्या मुलींच्या एकदम उड्या. उडी मारणारं माणूस उभ्या माणसापेक्षा जड धरावं लागतं. सगळं झकास जमलं. मी खुर्चीतच टुणकन उडाले.

मग मोजमापं ताडून पाहायला गेले, तर खालच्या दुकानात मधला खांबच नाही! दुकानदार म्हणाला, कपाटं मावेनात म्हणून मागच्या वर्षी तोडला. मॉडेलमधून ती एक रेघ पुसली आणि तुळई अशी वाकली की मी लगेच तुला लिहायला बसले. आत्या, आजपासून वर्ग बंद. वार्षिक कार्यक्रमही तिथे नको. रागाव हवं तर, पण ऐक.

तुझ्या मायेची हक्कदार,
खारू

१६ जानेवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

रागावले तर आहेच! जन्म त्या फरशीवर गेला आणि कालची पोर मला रेघा दाखवते, असं तुझ्या बापाला ऐकवलंसुद्धा.

मग खाली गेले. तुळईला गेलेला तडा डोळ्यांनी पाहिला. त्याच्यावर उभी राहून मी मुलींना रोज ‘अजून जोरात’ म्हणत होते गं! दुकानदाराची अशी खरडपट्टी काढली की गिऱ्हाईकं पळाली. शाळेला कुलूप घातलंय, कार्यक्रम मैदानात करू. पण माझी शाळा मला परत हवी. काय ते कर, आणि वेळेवर जेवत जा.

तुझी आत्या

२७ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुळईचा तडा भरून घेतला आणि लोखंडी खांब उभा राहिला! काल मजल्यावर पाण्याची पिंपं भरून ठेवली आणि मी खाली वाक मोजणारं मापक लावून बसले. तुळई केसभर वाकली, पिंपं रिकामी करताच जागेवर आली. मॉडेलने सांगितलं होतं, अगदी तेवढीच! साहेबांनी मजला सुरक्षित असल्याचा दाखला माझ्याकडे सरकवला, म्हणाले, पहिली सही तुझी. आता खुशाल नाच.

खारू

४ मार्च

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

आज पहिला वर्ग. ताल वर्गातल्या एका मोठ्या मुलीच्या हाती दिला आणि मी खाली दुकानात येऊन खांबाला तळहात लावून उभी राहिले. वर सगळी पावलं एकदम पडली. ती थरथर हाताला लागली आणि जमिनीत निघून गेली. इतकी वर्षं शिकवतेय, पण माझा वर्ग मी खालून कधी ऐकला नव्हता. दुकानदारही आवराआवर सोडून ऐकत होता.

त्या घोळक्यात एकीचं पाऊल मागे पडतंय, हे इथून लख्ख कळलं. वर जाऊन तिचा कान धरायचाय, म्हणून आवरतं घेते.

तुझी आत्या